कोकणातला मूळचा सूचिपर्णी वृक्ष कोणता? तो टिकवायला पुळणीवर सुरू कसे लावावेत?

प्रश्नाखाली विचारणाऱ्याने चार ओळी जोडल्या आहेत. गावच्या पुळणीवर, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूवर, पाइनसारखं सुरूचं बन आहे, त्यातले बरेच निसर्ग वादळात पडले, आणि ग्रामपंचायत यंदा दोन हजार रोपं लावणार आहे. तेव्हा "हा आपला देशी सूचिपर्णी वृक्ष" टिकवायला अंतर किती ठेवावं, खत कुठलं घालावं, असा सवाल आहे.

अंतर सांगतो, खतही सांगतो. पण सुरू कोकणचा देशी नाही आणि सूचिपर्णीही नाही. एका ओळीत दोन्ही चुका झाल्या आहेत, आणि हीच ओळ मी आमच्याकडच्या एका पुळणीवर पत्र्याच्या फलकावर रंगवलेली पाहिली आहे. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

सुरूची एक हिरवी काडी तोडा आणि दोन्ही टोकांना धरून हलके ओढा. ती पेरात सुटते, चिमुकल्या नळ्या एकात एक बसवाव्यात तशी. म्हणजे ज्याला तुम्ही सुई समजता ती डहाळी आहे. पानं हवी असतील तर पेराजवळ भिंग धरा, सहा ते आठ बारीक दात दिसतील, तीच पानं. पाइनच्या सुईला पेर नसतं. तो छोटा लाकडी 'शंकू' म्हणजेही फळांचा गुच्छ आहे. त्याच्या चोची वाळून उघडल्या की प्रत्येकीतून एक पंखवाला दाणा निघतो. मादी फुलांचे लाल गोंडे डहाळ्यांवर आधीच येऊन गेलेले असतात, लक्ष कुणाचं नसतं एवढंच. फुलं येणारं झाड आहे हे. नातं लावायचंच तर ओक आणि अक्रोडाशी लावा, देवदाराशी नाही.

घोळ नावातूनच झाला आहे. सुरू हा शब्द फारसीतल्या 'सर्व'वरून आला, आणि तो सायप्रसचा. सायप्रस खरा शंकुधारी, म्हणजे पाइन-देवदाराच्या गटातला; लोक सूचिपर्णी म्हणतात तो हाच गट. लांबून तसाच निमुळता दिसणारा हा परका आला तेव्हा तेच नाव त्याला चिकटलं. मूळचा तो आग्नेय आशियाचा, उत्तर ऑस्ट्रेलियाचा आणि पॅसिफिक बेटांचा. आपल्या हद्दीत म्हणाल तर अंदमानचा. पश्चिम किनाऱ्यावर कारवारकडे 1860 च्या दशकात त्याची लागवड झाली. दीडशे वर्षं आपल्याकडे राहिलं म्हणून झाड देशी होत नाही, जसा काजू झाला नाही. काजूला तसं कुणी म्हणतही नाही, सुरूला मात्र म्हणतात.

मग कोकणातला मूळचा सूचिपर्णी कोणता? एकही नाही. संबंध सह्याद्रीत मूळचा शंकुधारी वृक्ष एकच, नागेइया वॉलिचियाना, जुनं नाव पोडोकार्पस. तो दक्षिणेला केरळ-तमिळनाडूच्या सदाहरित जंगलात आहे, आणि गंमत म्हणजे त्यालाही सुया नाहीत. रुंद, चकचकीत पान, मधली शीर नाही, सगळ्या शिरा समांतर. अंगणातली मोरपंखी चीनकडची आणि बंगल्यापुढचं ख्रिसमस ट्री दक्षिण पॅसिफिकच्या बेटांवरचं. हे दोन्ही शंकुधारी खरे, पण पाहुणे. कोकणात त्या कुळाच्या जवळचं काही असेल तर ती एक वेल आहे, उंबळी. तिच्याकडे शेवटी येतो, कारण जपायची गोष्ट ती आहे.

आता सुरूची लागवड. ज्या पुळणीवर तो फलक होता तिथे काय केलं गेलं ते क्रमाने लिहितो, कारण तुमची ग्रामपंचायत बहुतेक तेच करणार आहे.

पहिली गोष्ट, जेसीबी आणला. भरतीच्या रेषेच्या वर वाळूचा जो उंचवटा असतो तो ओळी सरळ याव्यात म्हणून सपाट केला. त्यावर वाळूवर सरपटणारी मर्यादावेल होती, निगडी होती, थोडा केवडा होता. ते सगळं 'झाडोरा' म्हणून खरवडून एका बाजूला लोटलं. मग दोन मीटरवर खड्डे, ओळीही दोन मीटरवर, पहिली ओळ थेट समुद्राच्या तोंडावर. मी तेव्हाच म्हणालो होतो की निदान पहिले पंचवीस मीटर सोडा. त्यावर एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "अहो, झाड ते झाड. हिरवी भिंत हवी." हिरवी भिंत हा शब्द तेव्हापासून माझ्या डोक्यात गेला तो गेलाच.

पहिल्या दोन वर्षांत सुरू झकास वाढले, ते वाढतातच. मुळांवरच्या गाठींत फ्रँकिया नावाचे जिवाणू असतात, ते हवेतला नायट्रोजन धरतात, म्हणून निव्वळ वाळूतही त्यांचं भागतं. खारं वारं सोसतं. फोटो निघाले. तिसऱ्या वर्षी खाली पातेऱ्याचा थर जमला. ह्या काड्या लवकर कुजत नाहीत, चटईसारख्या बसतात, वरून सावली. खाली मर्यादावेल परत आली नाही, गवताची काडीसुद्धा आली नाही. चौथ्या पावसाळ्यात उधाणाने समोरची बाजू कापली आणि उतार होता तिथे कंबरभर उंचीची उभी कड तयार झाली. पहिली ओळ समुद्राकडे झुकली, मुळं कडेतून लोंबायला लागली. झाड पडताना मुळांबरोबर वाळूचा गड्डा उचलून नेतं, त्या खाचेत पुढची लाट शिरते, मग दुसरी ओळ. पुढच्या दोन पावसाळ्यांत समोरच्या तीन ओळी गेल्या.

त्याच पुळणीच्या उत्तर टोकाला कुणी काही केलं नव्हतं. तिथेही वाळू गेली, पण पौष-माघापर्यंत ती भरून आली. कारण साधं आहे. पुळण पावसाळ्यात अंगावरचं उतरवते, वाळू समोर पाण्याखाली जाऊन बसते. समुद्र निवला की लाटा तीच वाळू हळूहळू वर आणून टाकतात, ती वाळते आणि वाऱ्याने आत सरकते. ती धरायला जमिनीसरपट काहीतरी लागतं. मर्यादावेलीच्या पानांशी वाऱ्याचा जोर मोडतो, वाळू तिथेच पडते, वेल गाडली जाते, पण पेरापेराला मुळं सोडून पुन्हा वर येते. उंचवटा तिच्याबरोबर वाढतो. सुरूचं खोड उघडं, खाली काही नाही. वारा खोडाला वळसा घालून बुंध्याशीच वाळू उकरतो. भिंत उभी आहे, पण पायात काही नाही. आमच्या पूर्वजांनी वेलीला मर्यादा हे नाव उगाच दिलं नाही.

ज्यांच्या पुळणीवर कासवं येतात त्यांनी हे जास्त मनावर घ्यावं. वेळास, आंजर्ले ह्या गावांची नावं ऑलिव्ह रिडले कासवांमुळे सर्वांना माहीत आहेत, पण मादी इतर पुळणींवरही चढते. तिला हात-दीड हात खोल खड्डा करता येईल अशी मोकळी, कोरडी वाळू लागते. पातेरा आणि मुळांचं जाळं लागलं की ती परत फिरते किंवा खाली, भरतीच्या टप्प्यात अंडी घालते, आणि ती अंडी पाण्यात जातात. शिवाय पिल्लू नर की मादी हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं. ऊब असेल तर माद्या, गारवा असेल तर नर. घरट्याच्या जागेवर सावलीचं छप्पर घालणं म्हणजे त्यात ढवळाढवळ.

आणि जेसीबीबद्दल. सीआरझेडच्या, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राच्या, 2011 आणि 2019 ह्या दोन्ही अधिसूचनांत वाळूचे असे उंचवटे आणि कासवांच्या विणीच्या जागा सर्वांत संवेदनशील गटात आहेत. झाडं लावायला म्हणून ते सपाट करायला कुणी परवानगी देऊ शकत नाही. ग्रामसभेत हे एक वाक्य मोठ्याने वाचलंत तरी पुरे.

तरीही सुरू लावायचेच असतील, आणि मागच्या बाजूला, वाडीच्या गडग्यालगत वाऱ्याला अडसर म्हणून लावायचे असतील, तर माझी हरकत नाही. तिथे ते कामाचे आहेत. बी एका किलोत सात लाखांहून जास्त दाणे असतं, तेव्हा किलोच्या गोष्टी करू नका, मूठभर खूप झालं. बी ताजं घ्या, उघड्यावर ठेवलेलं वर्षभरात वाया जातं. चाळलेली वाळू आणि थोडी माती ह्यांच्या वाफ्यावर पसरा, वर पेंढ्याचा पातळ थर. मुंग्या दाणे वाहून नेतात आणि लोक म्हणतात बी उगवलंच नाही. वाफ्याच्या कडेने राखेची जाड रेघ ओढा आणि ती ओली होऊ देऊ नका. एक ते तीन आठवड्यांत उगवतं. रोप बोटभर झालं की पिशवीत. पिशवीच्या मातीत जुन्या सुरूखालची मूठभर माती मिसळा, गाठींचे जिवाणू त्यातून येतात. खत म्हणाल तर थोडं शेणखत. युरिया अजिबात नको. आयता नायट्रोजन मिळाला की रोप गाठी धरत नाही.

रोपं हात-सव्वा हात झाली की लावायची. त्याहून जास्त दिवस पिशवीत ठेवलीत तर मूळ तळाशी गोल फिरतं. वादळानंतर आडव्या पडलेल्या कित्येक सुरूंचे बुंधे पाहिले, तळाला मुळांचं वेटोळं, पिशवीच्याच आकाराचं. लावताना पिशवीचा तळ दोन बोटं कापून टाका, नुसती फाडू नका. तीन ओळी, एकमेकींना आडपेची (पुढच्या दोन झाडांमधल्या फटीसमोर मागचं झाड), अंतर अडीच ते तीन मीटर. दोन मीटरवर दाट लावतात ते सरपणासाठी, ते चार-पाच वर्षांत तोडायचे असतात. आणि तोडलेला सुरू बुंध्यातून नीट फुटत नाही, हे लक्षात असू द्या. खोडावर साल फुगून फोड आले, फोड फुटून आतून काजळीसारखी भुकटी निघाली, की ते झाड गेलं. बुरशी आहे ती. भुकटी शेजारच्या झाडांवर उडायच्या आत झाड काढून जाळा.

पण पुळणीच्या तोंडावर काय लावायचं हा खरा प्रश्न आहे, आणि तो तुम्ही विचारलाच नाहीत.

समोर मर्यादावेल. तिची लागवड बहुतेक लोक मिरगाला करतात आणि आषाढातलं उधाण ती घेऊन जातं. ही ओळ नारळी पौर्णिमेनंतर लावा. दर्या निवलेला असतो आणि पाऊस अजून महिनाभर असतो. जवळच्याच पुळणीवरच्या, आधीच मुळं फुटलेल्या वेलीचे हातभर तुकडे घ्या, प्रत्येकावर तीन-चार पेरं हवीत. तुकडा आडवा ठेवून दोन पेरं वाळूत वीतभर खोल गाडायची, टोक बाहेर. एका मीटरवर एक, तीन ओळी. शंभर मीटर पुळणीला तीनशे तुकडे झाले. एकाच जागची सगळी वेल ओरबाडू नका, नाहीतर तिथे उघडं पडेल. पहिल्या उन्हाळ्यात तिच्यावरून गाडी गेली नाही तर पुढे ती आपली आपण बघते. गाडी हा शब्द मुद्दाम लिहिला आहे. शनिवार-रविवारी पुळणीवर चारचाकी फिरवणारे जितकं नुकसान करतात तितकं एखादं उधाणही करत नाही.

तिच्या मागे निगडी, कोयनेल आणि केवडा. निगडीच्या पेन्सिलएवढ्या जाड काड्या वीत-दीड वीत कापून जूनमध्ये दीड मीटरवर खोचल्या तरी लागतात. कोयनेल म्हणजे शहरात सोसायटीच्या कुंपणाला कापून ठेवतात तीच. ती मूळची किनाऱ्याची आहे हे तिथल्या माळ्यालाही माहीत नसतं. केवड्याची आधारमुळं असलेली फांदी घ्या, पानं अर्धी छाटा म्हणजे वाऱ्याने हलणार नाही, तीन मीटरवर लावा.

सर्वांत मागे उंडी, करंज आणि पारसपिंपळ. हेच आपल्या किनाऱ्याचे वृक्ष. उंडीचं तेल दिव्याला जळायचं, लाकूड होडीला जायचं, आणि आज रोपवाटिकेत उंडी मागितली तर "नाही, सुरू आहे" म्हणून सांगतात. ती रोपवाटिकेत का नसते तेही सांगतो: लोक बी कवचासकट पेरतात आणि कंटाळतात. कवचासकट उगवायला दोन महिने लागतात, कवच फोडून आतला गर अखंड काढून पेरला तर तीन आठवडे. हातोडी हलकी मारा, गराला ओरखडा गेला की तो कुजतो. करंजाची शेंग फोडून ताजं बी थेट जागेवर दोन-दोन पेरलं तरी पंधरा दिवसांत वर येतं. पारसपिंपळाचा मनगटाएवढा खुंट पावसात पुरला की फुटतो. ह्या तिघांना चार-पाच मीटर अंतर, हातभर खोल खड्डा, त्यात पोयटा आणि घमेलंभर शेणखत. दोन उन्हाळे पाणी आणि गुरांपासून राखायला वई, म्हणजे कुंपण, हे नसेल तर लावूच नका. उंडी हळू वाढते. पाच वर्षांच्या मुदतीच्या सरपंचाला ती परवडत नाही, हेच तिचं दुखणं.

आता दोन गोष्टी सुरूच्या बाजूने, नाहीतर तुम्ही उद्या कुऱ्हाड घेऊन निघाल. उभं असलेलं बन तोडू नका. पहिली गोष्ट, परवानगी लागते. दुसरी, त्याच्या आडोशाला मागच्या वाड्या आणि घरं वसली आहेत. ते एकदम काढलं तर खारं वारं सरळ पोफळींवर जाईल. जिथे सुरू आपण होऊन पडला आहे त्या खिंडारात पातेरा बाजूला ओढून उंडी-करंज लावा. आहे त्या सुरूची सावली लहान रोपाला पहिली दोन वर्षं उपयोगीच पडते. आणि 3 जून 2020 ला निसर्ग वादळात जे वारं आलं ते ताशी शंभर किलोमीटरच्या वरचं होतं. श्रीवर्धन-दिवेआगरकडे शेकडो वर्षांच्या नारळी-पोफळीच्या आगरांची दैना झाली. तसल्या वाऱ्यापुढे केवळ देशी आहे म्हणून कुठलं झाड टिकेल असं मी म्हणत नाही. म्हणणं एवढंच की वादळ कधीतरी येतं, उधाण दर वर्षी येतं.

राहिली उंबळी. काही ठिकाणी तिला कुंबळ म्हणतात. पाइन-देवदार ज्या अनावृतबीजी गटातले, त्याच गटातली ही वेल. बी फळात बंद नाही, मणक्यांसारख्या कड्यांवर उघडं बसतं. दिसायला मात्र साधी रानवेल: पानं समोरासमोर, जाड, हिरवीगार, शिरांची जाळी एखाद्या झाडासारखी, पेरं सुजल्यागत फुगलेली. मांडीएवढी जाड वेल आडवी कापली तर लाकडाची एकात एक वर्तुळं दिसतात. तुम्ही ती ह्याच अवस्थेत पाहिली असणार, कापलेली. कारण ती आता राहिली आहे ती बहुतेक देवराईत आणि घाटाच्या पायथ्याच्या दाट रानात, आणि देवराई 'साफ' करायला घेतली की पहिला कोयता वेलींवर पडतो. वेल झाडाला मारते असा समज आहे. उंबळी बांडगूळ नाही, तिला फक्त आधार लागतो.

नर-मादी वेली वेगळ्या असतात. देवळामागे एकच वेल वाचवून उपयोग नाही, दोन्ही हव्यात. कड्यांवर दाणे धरलेली वेल मादी; तिला आणि आसपासच्या नुसते बारीक तुरे येणाऱ्या वेलींना चुन्याचा पट्टा ओढून ठेवा, आणि सफाईच्या आदल्या दिवशी गडीमाणसांना स्वतः दाखवा. दाणे पिकून नारिंगी-लाल झाले की खाली पडलेले उचला. वरच्या गरात सुईसारखे तंतू असतात, हाताला खाज सुटते, म्हणून राखेत चोळून साफ करा. भाजून खातात, पण पेरण्यापुरते तरी ठेवा. दाणा सुकू देऊ नका, लगेच पालापाचोळ्याच्या ओलसर मातीत, सावलीत, उंच पिशवीत पेरा. तो वेलीवरून पडतो तेव्हा आतला गर्भ पुरता तयारच झालेला नसतो, पडल्यावर मातीत हळूहळू वाढतो. त्याला महिनोन्महिने लागतात. पहिल्या पावसाळ्यात कोंब दिसला नाही म्हणून पिशवी उपडी करू नका, माती ओली ठेवा आणि पुढच्या मिरगापर्यंत थांबा.